जुन्या टाटा झेनॉन पिकअपला लिफ्ट लावायची आहे, म्हणजे गाडी उंच करून घ्यायची आहे, २ इंच घेऊ की ४ इंच?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०११ ची झेनॉन आहे, ४ बाय ४, दीड लाख किलोमीटर पळालेली. पावसाळ्यात शेताच्या वाटेवर बूड घासतं, खर्चाची तयारी चाळीस हजारांची, आणि गॅरेजवाला ४ इंच म्हणतोय. ४ इंचाचं तर नावच काढू नका. २ इंचाचंही इतक्यात नको. का ते सांगतो, पण थोडं लांबेल, कारण याच विषयावरून २०१८ च्या पावसाळ्यापासून माझं आणि माझ्या दाजींचं धड बोलणं नाही.

माझी गाडी तुमच्याच जातीची, २०१० ची, डबल केबिन, मी दुसरा मालक. रान ओतूरच्या वरच्या अंगाला. मध्ये एक ओढा आहे आणि ओढ्याच्या अलीकडे चढावर दगड. रिकामी गाडी निघून जायची. टोमॅटोचे क्रेट भरले की मागून खर्रर्र. दाजी पुण्याला असतात, रविवारी मित्रांबरोबर जीप घेऊन डोंगरात जातात, त्यांच्याकडे या विषयाचं ज्ञान भरपूर. गणपतीत आले, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाले, "अरे, ही उचलून घे. तीन इंच. माझा माणूस आहे." आता दाजींना नाही कोण म्हणणार? बहीण त्या घरात दिलेली.

त्या माणसाने काय केलं ते नीट वाचा, कारण तुमचा गॅरेजवालाही बहुतेक हेच करणार आहे. मागे पाटे (लीफ स्प्रिंग) आणि हाउसिंग, म्हणजे मागच्या चाकांमधला आडवा अ‍ॅक्सल, यांच्या मधे लोखंडी ब्लॉक बसवले आणि लांब यू-बोल्ट टाकले. वर लांब शॅकलही लावले, म्हणजे पाट्याचं टोक चॅसीला जोडणाऱ्या पट्ट्या. पुढे काहीच नवीन नाही. टॉर्शन बारचे, म्हणजे पुढे स्प्रिंगचं काम करणाऱ्या दांड्यांचे, बोल्ट पिळले आणि गाडी नाक वर करून उभी राहिली. ३८ हजार रुपये. दिसायला काय सांगू, वाघ! गावात दोन दिवस पोरं फोटो काढत होती. आईला मात्र चढायला क्रेट उपडं ठेवावं लागायचं, आणि ती रोज एकदा तरी म्हणायची, "ही गाडी आहे का माळा?"

टॉर्शन बार पिळून गाडी उचलणं म्हणजे लिफ्ट नव्हे. बार तोच, ताकद तीच, फक्त तो जिथून काम सुरू करतो ती जागा बदलते. चाकाला वर जायला जागा मिळते, पण खाली उतरायला उरत नाही. खड्डा आला की चाक खाली जायच्या ऐवजी चाक धरणारा आर्म स्टॉपरला ठण्‌कन आदळतो. शिवाय आपल्या ४ बाय ४ मध्ये पुढचं डिफ्रन्शल, म्हणजे दोन्ही चाकांना ताकद वाटणारा गिअरचा डबा, चॅसीला बांधलेलं. चॅसी उचलली की तेही वर जातं, चाकं खाली, आणि मधले ड्राइव्ह शाफ्ट तिरके होतात. त्या शाफ्टच्या सांध्यांवरचे माझे दोन्ही रबरी बूट चार महिन्यांत फाटले. पुढचे टायर आतल्या बाजूने असे खाल्ले गेले की पंक्चरवाला म्हणाला, किसणीवर घासलेत काय. अलाइनमेंट करून आणली होती, तरी.

आणि गंमत अशी की ओढ्यातला दगड घासायचा तो घासतच राहिला. कारण दगडाला लागतो तो मागच्या हाउसिंगचा गोळा, ज्यात मागचं डिफ्रन्शल असतं. तुम्ही पाटे उचला, बॉडी उचला, काहीही उचला, तो गोळा हलत नाही. तो वर जातो फक्त टायर मोठा केला तर. हे साधं गणित दाजींना आजही मान्य नाही. त्यांचं म्हणणं, "चेंबर तर वाचलं ना?" चेंबर म्हणजे इंजिनखालचं तेलाचं भांडं. ते आधीही लागत नव्हतं, दाजी.

पण त्या लिफ्टची खरी किंमत मला माळशेज घाटात कळली.

पुढच्या वर्षीचा जुलै. नारायणगावला भाव पडलेला, म्हणून शेजाऱ्याच्या आणि माझ्या मालाचे मिळून ३० क्रेट घेऊन पहाटे कल्याणला निघालो. क्रेट २० किलोचं, म्हणजे ६०० किलो. फार नाही. बोगदा गेला, धुकं असं की पुढच्या गाडीचा लाल दिवाच काय तो दिसावा. उतारावर ब्रेक दाबला की नाक खाली जायचं आणि मागचा भाग आपला नाहीच असं वाटायचं, म्हणजे थांबतंय फक्त पुढून. चार वळणं गेल्यावर वास यायला लागला. पेडल लाकडासारखं कडक, दाबतोय पण गाडी ऐकत नाही. पुढे एसटी. हँडब्रेक ओढला, गिअर खाली मारला, आणि एसटीच्या मागच्या बंपरपासून वीतभर अंतरावर थांबलो. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर. एसटीतली एक म्हातारी मागच्या काचेतून माझ्याकडे बघत होती, तिचं तोंड अजून आठवतं.

गाडी गार करून, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रखडत टोकावड्याला उतरलो. तिथे एक वयस्कर फिटर होता. त्याने जॅकही लावला नाही. मागे वाकून बॅटरीचा उजेड मारला आणि हसायला लागला. म्हणाला, "मालक, तुमच्या गाडीला वाटतंय ती रिकामी आहे."

हाउसिंगपासून चॅसीवरच्या एका व्हॉल्व्हपर्यंत एक सळई जाते. लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह. माल भरला की चॅसी खाली बसते, सळई व्हॉल्व्हला सांगते की वजन आलंय, आणि मागच्या ब्रेकला तेलाचा दाब जास्त मिळतो. गाडी रिकामी असेल तर मागचा दाब कमी, म्हणजे मागची चाकं लॉक होऊन गाडी फिरत नाही. आता माझ्या गाडीची चॅसी तीन इंच वर. ६०० किलो भरूनही ती बसून बसून बसली ती जवळपास कंपनीच्या रिकाम्या उंचीवर. व्हॉल्व्हच्या हिशोबाने मागे काही नाहीच. मागचे ड्रम नावाला, सगळं ओझं पुढच्या डिस्कवर. दाजींच्या माणसाने सळईला हात लावला नव्हता, मागचा ब्रेक होजही तोच ठेवलेला, ताणून तारेसारखा झालेला.

त्या फिटरने सळईचा ब्रॅकेट कामापुरता सरकवून दिला, दीडशे रुपये घेतले. मी पाचशे देत होतो, घेतले नाहीत.

तेव्हा तुम्ही लिफ्ट लावणारच असाल तर गॅरेजवाल्याला पहिला प्रश्न हा विचारा: मागच्या लोड व्हॉल्व्हचं काय करणार? तो जर "कुठला व्हॉल्व्ह?" म्हणाला, तर चहा प्या आणि निघा.

आता मूळ मुद्दा. परत आल्यावर मी सगळं काढलं आणि आळेफाट्याला एका पाटेवाल्याकडे गेलो. त्याने पाटे उतरवून जमिनीवर ठेवले तर मेन पाटा सरळ पट्टी झालेला, कमान नावाला नाही. डाव्या बाजूचा दुसरा पाटा सेंटर बोल्टपाशी चिरलेला. पाट्यांच्या टोकाचे रबरी बुश म्हणजे नुसता भुगा. शेजारच्या गावात याच मॉडेलची कमी पळालेली गाडी होती, तिचं माप घेतलं, चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत. माझी मागे डावीकडे साडेचार सेंटिमीटर खाली होती, उजवीकडे तीन. म्हणजे पावणेदोन इंच माझे आधीच हरवले होते, आणि मी ते शोधायच्या ऐवजी तीन इंच विकत आणले. जुनी गाडी बसलेली असते हो, ठेंगणी नसते.

पाटेवाला म्हणाला, जुन्यांनाच तापवून कमान मारून देतो, स्वस्तात होईल. ते करू नका. मी आधी एकदा केलं होतं, एका हंगामात परत बसले. नवीन सेट, नवीन बुश, शॅकल पिना, यू-बोल्ट सगळं नवीन. यू-बोल्ट एकदा काढले की परत वापरायचे नाहीत, आणि पाचशे किलोमीटर झाले की पुन्हा आवळायचे. नवीन शॉकअप टाकले. मागे एकच पाटा जास्तीचा घातला कारण मी माल वाहतो. रिकामी असताना थोडी उडते. उडू दे.

मग टायर. २३५/७० आर १६ च्या जागी २४५/७५ आर १६. व्यास साधारण ३८ मिलिमीटरने वाढतो, म्हणजे त्याच्या निम्मा, १९ मिलिमीटर, तो गोळा खरोखर वर जातो. पाऊण इंच. दगड आता लागत नाही. वळवताना कुठे घासतं का ते पाहून घ्या, आणि स्पीडचा काटा ६० दाखवेल तेव्हा तुम्ही ६३ वर असाल.

तरीही २ इंच हवेच असतील तर मागे पाट्यांतूनच घ्या, ब्लॉकने नको. ब्लॉकवर ब्लॉक तर कधीच नाही, आणि पुढे पाटे असलेली गाडी असेल तर पुढे ब्लॉक म्हणजे आत्महत्या. शॅकल दोन इंच लांब केलं तर गाडी एकच इंच उचलते, हे दुकानदार सांगत नाही. पिनियनचा, म्हणजे मागच्या गोळ्यात लांब शाफ्ट जिथे जोडतो तिथला, कोन बदलून शाफ्टचा जॉइंट थरथरायला लागला तर पाट्याखाली पाचर बसवावी लागते. पुढे टॉर्शन बार फार तर एक इंच, आणि नंतर हेडलाइट खाली करून घ्या, समोरच्याचे डोळे फोडू नका.

एक राहिलं, खरं तर आधी सांगायला हवं होतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही सांगितलंय की कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत बदल चालणार नाही. पासिंगला अडवतील ते वेगळं, अपघात झाल्यावर विमावाले आधी खाली वाकून बघतात. आणि मी मेकॅनिक नाही, शेतकरी आहे. तुम्ही माल वाहत नसाल, फक्त रविवारी चिखलात खेळायचं असेल, तर दाजींचं ऐकलं तरी चालेल.

दाजींची बाजूही सांगतो, नाहीतर बहीण वाचेल. ते म्हणतात, घाटात तू तिसऱ्या गिअरमध्ये होतास, दुसऱ्यात असायला हवं होतं. होतो. चूक माझी. पण दुसऱ्या गिअरने मागचे ब्रेक परत आले असते का, हे त्यांनी एकदा सांगावं.

ते दोन ब्लॉक अजून घरी आहेत. आईने त्यावर पाण्याचा पिंप ठेवलाय, पिंपाला उंची बरोबर बसते. दाजी दिवाळीला येतात, पाणी पितात, काही बोलत नाहीत.

तुम्ही असं करा, गाडी रिकामी करून सपाट जागी उभी करा, टेप घ्या, आणि चारही चाकांची मापं कळवा. डावी-उजवी वेगवेगळी. मग इंचांचं बोलू.