वाचकांचे प्रश्न : काटोल परिसरात संत्र्याचं पॅकिंग केंद्र

प्रश्न : काटोल तालुक्यात संत्र्याची प्रतवारी, वॅक्सिंग (फळावर मेणाचा पातळ थर देणं) आणि छोटं शीतगृह काढायचं आहे. जागा घेण्याआधी काय तपासावं?

उत्तर : सगळ्यात आधी वीज. समोरून तारा जातात म्हणून जागेला वीज आहे असं समजू नका. लाइन शेतीपंपांच्या फीडरवरची (उपकेंद्रातून निघणाऱ्या वीजवाहिनीवरची) असेल तर थ्री फेज साधारण आठच तास मिळते, आणि तीही पाळीपाळीने दिवसा-रात्री. त्यावर शीतगृह चालत नाही. संत्र्याला ५ ते ७ अंश तापमान आणि ९० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता सलग लागते. कॉम्प्रेसर तासन्‌तास बंद राहिला की फळावर दव धरतं आणि देठाकडून सड सुरू होते. महावितरणच्या शाखा कार्यालयात फीडरचं नाव विचारा. औद्योगिक फीडर किती लांब आहे तेही विचारा, कारण खांब आणि रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) खर्च बहुधा तुमच्याच माथी येतो.

सातबारावर भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय व्यवहार नको. बोअरचं पाणी मे महिन्यात मोजा, पावसाळ्यात नव्हे.

वाहतुकीची मात्र चिंता नाही. काटोल नागपूर-इटारसी रेल्वेमार्गावर आहे, नागपूरचा कळमना बाजार जवळ आणि समृद्धी महामार्ग हिंगण्याजवळ सुरू होतो.

अंबिया आणि मृग बहार हे संत्र्याचे दोन हंगाम सोडले तर केंद्र रिकामं राहतं, पण बिलातला स्थिर आकार बाराही महिने भरावा लागतो. म्हणून मंजूर भार, म्हणजे जोडणीसाठी मंजूर करून घेतलेली वीजक्षमता, बेतानेच घ्या.