गावाकडच्या विद्यापीठातून मराठी आणि नाटक या विषयात पीएच.डी. करावी का?

तुम्ही विचारलंय ते थोडक्यात असं: देसाईगंजजवळच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालात, झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या, नाटकांत दोन हंगाम छोटी कामं केलीत, आता एम.ए. आणि पुढे पीएच.डी. करायची इच्छा आहे. घरचे म्हणतात, आधीच आर्ट्स, त्यात गावाकडचं विद्यापीठ. शिकायचंच असेल तर पुण्याला जा. मग गडचिरोलीचं गोंडवाना विद्यापीठ की पुणे?

माझं मत आधीच सांगते. एम.ए. जमलं तर बाहेर करा. पीएच.डी.साठी मात्र घरी परत या.

मी कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातून पीएच.डी. केली. विषय होता दक्षिण महाराष्ट्रातल्या फिरत्या नाटक मंडळींचे हिशेब. हा विषय मी ठरवून घेतलेला नव्हता, तो मला मिरज तालुक्यातल्या एका घराच्या माळ्यावर सापडला. ज्यांचे पणजोबा मंडळी चालवायचे त्या घरात लाल कापडी बांधणीच्या सहा वह्या होत्या. कीर्द आणि खतावणी, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या आणि खातेवार नोंदी, सुरुवातीची पानं मोडी लिपीत, नंतरची बाळबोध म्हणजे देवनागरीत. तेल, वाती, गाडीभाडं, पेटीवाल्याचा पगार, न्हाव्याचे पैसे. पावसामुळे खेळ झाला नाही त्या दिवशी जमेच्या बाजूला काहीच नाही, पण खर्चाच्या बाजूला जेवण आहेच.

त्या वह्यांत दर आषाढात एक रक्कम जमा होती आणि पुढे ‘नथ’ असं काहीतरी. दिवाळीनंतर तेवढीच, थोडी वाढीव रक्कम खर्ची, पुढे पुन्हा तेच. मोडीत शब्द सुटे लिहीत नाहीत, ओळ सलग पळते. मी ते ‘नथू’ वाचलं आणि दोन महिने समजत राहिले की नथू नावाचा कुणी सावकार मंडळींना पावसाळ्यात पैसे देत असणार. त्याच्यावर तीन पानंही लिहून झाली. मग त्याच तालुक्यातल्या एका निवृत्त तलाठ्यांना वही दाखवली. ते जन्मभर जुने जमिनीचे कागद वाचत आलेले. त्यांनी पानावर बोट ठेवलं आणि म्हणाले, “अवो ताई, माणूस न्हाई ह्यो. नथ हाय, नाकातली. गहाण टाकली, मग सोडवली.”

स्त्रीभूमिका करणाऱ्या नटाची ती नथ होती. पाऊस लागला, खेळ बंद झाले की ती गहाण पडायची आणि हंगाम सुरू झाला की सोडवायची. एका वर्षी गहाण टाकल्याची नोंद आहे, सोडवल्याची नाही. पुढच्या वर्षापासून नथीचा उल्लेखच नाही, आणि आणखी दोन वर्षांनी वही संपते. एक मंडळी कशी बुडाली हे मला त्या एका शब्दावरून कळलं. माझ्या प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण तेच आहे. त्या तीन पानांचे कागद मी अजून जपून ठेवलेत.

मी पुण्यात बसून हे करू शकले असते का? वही कदाचित फोटो काढून नेली असती. पण ते तलाठी मला भेटले नसते, आणि त्या घरातल्या आजींनी चौथ्या खेपेला जी ट्रंक उघडली ती पहिल्या खेपेला उघडली नव्हती. चार खेपा एसटीने दीड तासात होत होत्या म्हणून झाल्या. रसायनशास्त्रवाल्याला प्रयोगशाळा लागते, ती मोठ्या शहरात असते हे मान्य. आपल्याला लागतात ते कागद, ती माणसं, ते आवाज जिथे आहेत तिथेच असतात.

आणि हे आजचं नाही. मराठी नाटकाची सुरुवात आपण १८४३ पासून धरतो ती सांगलीत, विष्णुदास भाव्यांपासून. मुंबई-पुण्याला ते नाटक नंतर पोचलं. इतिहाससंशोधक वि. का. राजवाडे जुनी दप्तरं शोधत गावोगाव हिंडले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ धुळ्यात उभं राहिलं. शिवाजी विद्यापीठ १९६२ साली निघालं तेव्हा पहिले कुलगुरू आप्पासाहेब पवार हे स्वतः इतिहासकार होते. महाराणी ताराबाईंच्या काळातले कागद त्यांनी जमवून संपादित केले. औरंगाबादचं, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरचं, मराठवाडा विद्यापीठ १९५८ चं. तिथे शिकवता शिकवता गंगाधर पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक चालवलं आणि दलित लेखकांच्या एका पिढीला हक्काची जागा दिली. तिथल्याच प्रभाकर मांड्यांनी लोकसाहित्यावर आयुष्यभर काम केलं. यांतल्या कुणालाही आपण आडबाजूला बसलोय म्हणून काम दुय्यम आहे असं वाटलं नसावं.

आता तुमच्याकडे काय आहे ते बघा. मला तुमचा हेवा वाटतो, हे मनापासून लिहिते. वडसा म्हणजे तुमचं देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. मंडळांची कार्यालयं तिथे, बुकिंग तिथे, पोस्टरं तिथून निघतात. धानाची कापणी झाली, दिवाळी सरली की चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदियात मंडईला (गावच्या जत्रेला) आणि शंकरपटाला (बैलांच्या शर्यतींना) रात्र-रात्र नाटकं चालतात, उजाडेपर्यंत माणसं बसून राहतात. तिकीट काढून बसतात, हे लक्षात घ्या. झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली तेव्हा इकडच्या कितीतरी लोकांनी झाडीपट्टी हा शब्द पहिल्यांदा ऐकला. आणि या एवढ्या मोठ्या व्यवहाराचा कागद कुठे आहे? प्रॉम्प्टरच्या, म्हणजे आडून वाक्यं सांगणाऱ्याच्या, वह्यांत, जुन्या पोस्टरांच्या गठ्ठ्यांत, कंपनीच्या करारांत, नटांच्या आठवणीत. वाळवी आणि रद्दीवाला दोघंही रांगेत उभे आहेत.

एकच प्रश्न नमुना म्हणून देते. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यतींवर बंदी आणली. महाराष्ट्रात पुन्हा परवानगी मिळाली ती डिसेंबर २०२१ मध्ये. ज्या गावांत शंकरपटाला जोडूनच नाटक लागायचं तिथे मधल्या सात वर्षांत काय झालं? नाटक बंद पडलं, की मंडईकडे सरकलं, की पटाशिवाय स्वतःच्या बळावर उभं राहिलं? दहा गावं घ्या, पोस्टरं आणि गावच्या आयोजकांचे हिशेब जमवा. याचं उत्तर कुठल्याच ग्रंथालयात नाही. तुम्ही मात्र ते सायकलवरून काढू शकता. शिवाय नाटकात कोणतं पात्र झाडीबोली बोलतं आणि कोणतं प्रमाण भाषा, प्रेक्षक हसतो ते नेमकं कुठे, हे तुम्हाला कानाने कळतं. बाहेरून आलेल्याला ते कळायला दोन वर्षं जातील.

मग एम.ए. बाहेर का म्हणते? कारण जवळच्या विद्यापीठाची एक खरी उणीव असते आणि ती झाकून तुमचं भलं होणार नाही. बरोबर वाद घालणारी माणसं कमी असतात आणि पुस्तकं कमी असतात. मला हे फार जाणवलं. तीन वर्षं माझं लिखाण वाचून कुणी “हे पटत नाही” असं म्हटलंच नाही. पुण्याच्या विद्यापीठात जयकर ग्रंथालय आहे, नाटक-संगीत-नृत्यासाठी ललित कला केंद्र आहे, शहरात १९१० पासूनचं भारत इतिहास संशोधक मंडळ आहे. दोन वर्षं तिथे होस्टेलवर राहा, भरपूर वाचा, इंग्रजी वाचायची भीती तिथेच घालवा, नाटकं बघा, आणि चार मित्र असे जोडा की जे पुढे दहा वर्षं तुमचं लिहिलेलं कठोरपणे वाचतील. पैशांमुळे जमलं नाही तर एम.ए.ही जवळच करा, मनाला लावून घेऊ नका. फक्त वाचणारे मित्र दुसरीकडून मिळवा, चर्चासत्रांतून, पत्रं लिहून, कसेही.

पीएच.डी.साठी विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइड महत्त्वाचा, हे शंभरदा ऐकलं असेल. तो ओळखायचा कसा हे कुणी सांगत नाही. ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातले प्रबंध फुकट वाचायला मिळतात. तुमच्या मनातल्या गाइडच्या हाताखाली झालेले दोन प्रबंध तिथून काढा आणि फक्त तिसरं-चौथं प्रकरण वाचा. तिथे विद्यार्थ्याने स्वतः काही शोधलंय की दहा पुस्तकांतले उतारे जोडलेत, हे अर्ध्या तासात दिसतं. शीर्षकाच्या शेवटी ‘एक चिकित्सक अभ्यास’ असेल आणि आत कुठेच चिकित्सा नसेल तर तिथून निघा. जमल्यास त्यांच्या विद्यार्थ्याच्या व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, परवानगी घेऊन मागे बसा. गाइड आपल्या विद्यार्थ्याला बोलू देतात का, एवढंच बघायचं.

नियमही नीट माहीत असू द्या, कारण ऑफिसात प्रत्येक टेबलावर वेगळं सांगतात. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२ च्या नियमांनुसार एका वेळी प्रोफेसरकडे ८, असोसिएटकडे ६ आणि असिस्टंट प्रोफेसरकडे ४ च विद्यार्थी असू शकतात. ज्यांच्या निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरली आहेत ते नवीन विद्यार्थी घेऊ शकत नाहीत. किमान मुदत तीन वर्षं, कमाल सहा, पुनर्नोंदणी करून आणखी दोन. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन. प्रबंध देण्याआधी शोधनिबंध छापलाच पाहिजे ही देशपातळीवरची सक्ती त्या नियमांत काढली आहे. तुमच्या विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तो लेखी बघा, पण “इतके पैसे भरा, आठ दिवसांत पेपर छापून देतो” असे मेसेज येतील त्यांना उत्तरही देऊ नका. माझ्या एका सहकाऱ्याचा चांगला लेख अशाच ठिकाणी गेला आणि आज तो कुणीही वाचत नाही.

एक गोष्ट माझ्याबाबतीत घडली ती सांगून ठेवते. माझा प्रगती अहवाल एका सहीसाठी एका कार्यालयात सात महिने पडून होता आणि तेवढा काळ फेलोशिप थांबली. मी लाजून विचारलं नाही. तुम्ही विचारा. प्रत्येक कागदाची पोच घ्या, तारखेसकट फाइल करा.

पैशांचं म्हणाल तर नेट ही राष्ट्रीय पात्रता परीक्षा देऊन जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप मिळवायचा प्रयत्न एम.ए.च्या दुसऱ्या वर्षापासूनच करा. पहिली दोन वर्षं महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडं. त्यात गडचिरोलीत राहून संशोधन नीट होतं. पुण्यात त्यातला मोठा वाटा खोलीभाड्यात जातो. जेआरएफ हुकली तर राज्याच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्थांच्या फेलोशिप आहेत, तुमच्या प्रवर्गानुसार जी लागू असेल तिच्या जाहिरातीवर लक्ष ठेवा. हप्ते उशिरा येतात हे धरून चाला.

नोकरीचं घरच्यांना खरं सांगा. कॉलेजांत कायम जागा निघायला वेळ लागतो आणि बरेच जण वर्षानुवर्षं सीएचबीवर, तासिका तत्त्वावर शिकवतात. मीही चार वर्षं शिकवलं. असिस्टंट प्रोफेसर होण्यासाठी आता पीएच.डी.ची अट नाही, नेट किंवा सेट (राज्याची पात्रता परीक्षा) पुरते, म्हणून ती परीक्षा आधी काढा. केवळ नोकरीसाठी पीएच.डी. करू नका, त्यात माणूस कडवट होतो. पण मोडी शिकून ठेवा. कुणबी नोंदी शोधायचं काम २०२३ मध्ये सुरू झालं तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी वाचणारी माणसं शोधावी लागली होती.

प्रवेशाला अजून वेळ आहे आणि हंगाम जवळ आलाय. तुम्ही ज्या मंडळात काम केलंत तिथल्या प्रॉम्प्टरना भेटा आणि त्यांच्याकडची सर्वांत जुनी वही पाहायला मागा. घरी नेऊ नका, तिथेच बसून पानापानाचा फोटो काढा. समासात पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल, खोडलेलं असेल, तर ते कुणी आणि का खोडलं हे त्यांनाच विचारा आणि ते सांगतील ते त्याच रात्री लिहून ठेवा. काय सापडलं ते या उत्तराखाली कळवलंत तर मला फार आनंद होईल.