ग्रेडलच्या रिपॉझिटरी: सुरुवातीला एवढे सांभाळा

तुम्ही तपासायला दिलेल्या बिल्ड फाइलचा (प्रकल्प कसा बांधायचा हे ग्रेडल या साधनाला सांगणाऱ्या फाइलचा) पाया बरोबर आहे, फक्त रिपॉझिटरींची, म्हणजे लायब्ररी (तयार कोडचे संच) जिथून घ्यायच्या त्या साठ्यांची, यादी गरजेपेक्षा लांबली आहे. ग्रेडल प्रत्येक लायब्ररी तुम्ही दिलेल्या क्रमानेच शोधतो आणि जिथे ती प्रथम सापडते तिथे थांबतो. अँड्रॉइड प्रकल्पाला गूगलची रिपॉझिटरी आणि मेव्हन सेंट्रल (जावा लायब्ररींचा मोठा सार्वजनिक साठा) या दोन बहुधा पुरतात. जुन्या लेखांतून आलेली जेसेंटर या जुन्या सार्वजनिक रिपॉझिटरीची ओळ आजच काढा. तिथे नव्या आवृत्त्या येणे २०२१ मध्येच बंद झाले.

नवशिक्यांना सर्वांत महागात पडते ते मेव्हन लोकल (तुमच्याच संगणकावरचा लायब्ररींचा साठा) यादीत सर्वांत वर ठेवणे, कारण मग तुमच्या संगणकावर पडून राहिलेली लायब्ररीची जुनी जार फाइल (जावा कोडचे गाठोडे) उचलली जाते आणि तुमच्याकडे सुरळीत चालणारे बिल्ड सहकाऱ्याकडे मोडते.

प्लगइनसाठीच्या (ग्रेडलला जादा कामे शिकवणाऱ्या जोडण्यांसाठीच्या) रिपॉझिटरी सेटिंग्ज फाइलमध्ये वेगळ्या द्याव्या लागतात. खासगी रिपॉझिटरीचा पासवर्ड मात्र बिल्ड फाइलमध्ये कधीही लिहू नका. तो होम डिरेक्टरीतील ग्रेडल फोल्डरमधल्या प्रॉपर्टीज फाइलमध्ये ठेवा, कारण गिटमध्ये (कोडमधील प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनात) एकदा गेलेला पासवर्ड इतिहासातून पुसून काढणे फार कष्टाचे असते. मिरर (रिपॉझिटरीची प्रत) आणि चेकसम पडताळणी (उतरवलेली फाइल बदललेली नाही ना याची तपासणी) यांकडे बिल्ड स्थिरावल्यावर निवांत वळा.