वाचकांचे प्रश्न : कुलपातली टूथपेस्ट आणि थांबलेले फिरणे

प्रश्न : आम्ही सॅन फ्रान्सिस्कोच्या पूर्वेला असलेल्या वॉलनट क्रीक या उपनगरात बरीच वर्षे राहत आहोत. २०२१ च्या नोव्हेंबरात इथल्या ब्रॉडवे प्लाझामधील नॉर्डस्ट्रॉमचे दुकान जमावाने लुटले आणि तेव्हापासून शेजारपाजारी चार माणसे जमली की चोरीचा विषय निघतोच. औषधांच्या दुकानात टूथपेस्ट आणि दाढीची पातीसुद्धा कुलपात ठेवलेली असतात. बटण दाबून नोकर येईपर्यंत उभे राहावे लागते. कॅलिफोर्नियात साडेनऊशे डॉलरपर्यंतची चोरी माफ आहे, असे सगळेच सांगतात. मोबाइलवर रोज सूचना येतात : अमुक रस्त्यावर अनोळखी माणूस, तमुक दुकानातून चोर पळाला. सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आलेल्या माझ्या सासूबाईंनी हे ऐकून ऐकून संध्याकाळचे फिरणे बंद केले आहे आणि यजमानांच्या मनात घर विकून टेक्सासला जाण्याचे घाटते आहे. गुन्हे खरोखर इतके वाढले आहेत का?
— एक वाचक, वॉलनट क्रीक, कॅलिफोर्निया

उत्तर : सासूबाईंच्या फिरण्याकडे मी शेवटी येणार आहे, पण आपले पत्र वाचल्यापासून माझ्या मनात तेच घोळते आहे. आधी त्या रात्रीविषयी लिहितो, कारण आपल्या गावाची भीती तिथून सुरू झाली.

२० नोव्हेंबर २०२१ च्या शनिवारी रात्री, दुकान बंद होण्याच्या सुमारास, ऐंशीच्या आसपास माणसे दुकानात घुसली, बाहेर मोटारींनी रस्ता अडवून धरला होता, आणि हाताला लागेल तो माल घेऊन ती काही क्षणांत पसार झाली. त्या धुमश्चक्रीत कर्मचाऱ्यांना मारहाण झाली, एकाच्या तोंडावर मिरीचा फवारा मारला गेला, आणि पोलिसांच्या हाती त्या रात्री तिघेच लागले. आदल्याच रात्री सॅन फ्रान्सिस्कोच्या युनियन स्क्वेअरमध्ये लुई व्हिटाँचे दुकानही लुटले गेले होते. भारतातल्या कायद्यात पाच किंवा अधिक जणांनी मिळून केलेल्या जबरी चोरीला दरोडा म्हणतात. वॉलनट क्रीकमध्ये घडला तो प्रकार त्याच जातीचा होता. कुणी एकट्याने खिशात साबणाची वडी घालून चालू लागावे, तिला उचलेगिरी म्हणतात. या दोन गोष्टींची कारणे, त्या करणारी माणसे आणि त्यांवरचे उपाय वेगळे आहेत. पण बातम्यांत आणि शेजारच्या गप्पांत त्या एकाच शब्दाखाली येतात आणि दरोड्याचे भय उचलेगिरीच्या प्रत्येक घटनेला चिकटते.

आता साडेनऊशे डॉलरविषयी. इतक्या रकमेपर्यंतची चोरी कॅलिफोर्नियात कधीही माफ नव्हती. २०१४ मध्ये मतदारांनी संमत केलेल्या प्रपोझिशन ४७ या कायद्याच्या प्रस्तावानुसार, दुकान उघडे असताना ९५० डॉलरपर्यंतच्या मालाची चोरी हा ‘मिस्डिमीनर’, म्हणजे कनिष्ठ दर्जाचा गुन्हा ठरतो, आणि त्यालाही सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होऊ शकतो. त्या रकमेच्या वर ‘फेलनी’, म्हणजे गंभीर गुन्हा सुरू होतो. यजमान ज्या टेक्सासकडे आशेने पाहत आहेत, तिथे ही सीमा २,५०० डॉलर आहे, म्हणजे कॅलिफोर्नियाच्या अडीच पटींहून अधिक, हे त्यांना जरूर सांगावे. रकमेची रेषा आखणे ही काही कॅलिफोर्नियाची विकृती नव्हे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या आपल्या भारतीय न्याय संहितेतही पहिल्यांदाच चोरी करणाऱ्याने पाच हजार रुपयांहून कमी किमतीचा माल किंवा त्याची किंमत परत केली, तर त्याला सामुदायिक सेवेची शिक्षा देण्याची तरतूद आहे. शिवाय ही रेषा फक्त मालाच्या किमतीला लागते. दुकानातून निघताना चोराने नोकराला ढकलले किंवा धमकावले, तर रक्कम कितीही असो, तो जबरी चोरीचा गंभीर गुन्हा होतो. आणि चोरीच्या इराद्याने कुणी आपल्या घरात शिरला, तर एक चमचाही हलला नसला तरी ती घरफोडी असते. आपल्या घराच्या दाराशी त्या ९५० डॉलरचा काहीही संबंध नाही, हे घरातल्या सगळ्यांना कळले तर निम्मा धसका तिथेच ओसरेल.

२०२४ च्या नोव्हेंबरात कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी प्रपोझिशन ३६ सुमारे ६८ टक्के मतांनी संमत केले. आता चोरीच्या दोन शिक्षा आधी झालेल्या माणसाने तिसऱ्यांदा चोरी केली, तर रक्कम कमी असूनही त्याच्यावर गंभीर गुन्हा लावता येतो. म्हणजे ‘माफी’ची कहाणी मुळात चुकीची होती आणि आता जुनीही झाली आहे. ती टिकली, याचे कारण माझ्या मते असे, की लोकांना दिसत होती ती शिक्षेची कमतरता नव्हतीच. त्यांना दिसत होते पकडले न जाणे : चोर पिशवी भरतो, नोकर पाहत राहतो आणि कुणी येत नाही. बहुतेक मोठी दुकाने चोराला अडवू नका असेच कर्मचाऱ्यांना बजावतात, आणि ते योग्यच आहे, कारण शांपूच्या बाटलीसाठी तासाच्या मजुरीवर काम करणाऱ्या मुलीने चाकूपुढे उभे राहावे असे कोणत्याही शहाण्या मालकाला वाटू नये. पण हा विचार रांगेतल्या ग्राहकाला कुणी समजावून सांगत नाही आणि त्याला वाटते की कायदाच संपला.

चोऱ्या वाढल्या का, याचे सरळ उत्तर असे, की टाळेबंदीच्या काळात घटलेल्या दुकानचोरीच्या नोंदी २०२२ आणि २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात चढत गेल्या. ती वाढ काल्पनिक नव्हती, आणि तिला भ्रम म्हणून उडवून लावणारे लोक दुकानात काम करणाऱ्यांवर अन्याय करतात. परंतु ती वाढ किती मोठी, हे सांगणारे आकडे अतिशय जपून वापरावे लागतात. अमेरिकेतील किरकोळ व्यापाऱ्यांची राष्ट्रीय संघटना, नॅशनल रिटेल फेडरेशन, हिने २०२१ मधील ९४.५ अब्ज डॉलरच्या माल-तुटीपैकी जवळजवळ निम्मी तूट संघटित टोळ्यांमुळे झाल्याचे आपल्या अहवालात म्हटले होते. २०२३ च्या डिसेंबरात तिला ते विधान मागे घ्यावे लागले. तूट या शब्दातच घोटाळा आहे. आपल्या वाण्याच्या दुकानात वर्षअखेरीस मालाची मोजदाद केली की वहीतला माल आणि फळीवरचा माल जुळत नाही; त्यात गिऱ्हाइकाने उचललेले असते, नोकराने नेलेले असते, उंदराने खाल्लेले असते आणि वहीत चुकीचे लिहिलेलेही असते. मोठ्या साखळी-दुकानांचेही तसेच आहे. त्याच संघटनेच्या २०२२ च्या हिशेबात एकूण तूट विक्रीच्या १.६ टक्के होती आणि तिच्यातला बाहेरच्यांनी केलेल्या चोरीचा वाटा ३६ टक्क्यांच्या आसपास होता. वॉलग्रीन्स या औषध-दुकानांच्या कंपनीने २०२१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतील पाच दुकाने बंद करताना चोरीकडे बोट दाखवले होते. २०२३ च्या जानेवारीत तिच्याच वित्तप्रमुखांनी, गेल्या वर्षी आम्ही कदाचित जरा जास्तच ओरड केली, अशी कबुली दिली.

पोलिसांच्या नोंदीही आपोआप खरे बोलत नाहीत. २०२१ च्या सप्टेंबरात सॅन फ्रान्सिस्कोतील दुकानचोरीच्या तक्रारी एकाएकी जवळजवळ दुप्पट झाल्या, आणि शोध घेतला तेव्हा त्याचे मुख्य कारण एका मोठ्या दुकानाने तक्रार नोंदवण्याची नवी पद्धत सुरू केली, हे निघाले. चोर तेवढेच राहिले आणि कागद वाढला. उलटही घडत असते : दुकानदार कंटाळून तक्रार करणेच सोडतो आणि आकडा खाली येतो.

भीतीचा आलेख मात्र गुन्ह्यांच्या आलेखाच्या मागून चालत नाही. एफबीआयच्या नोंदींनुसार अमेरिकेत १९९३ ते २०२२ या काळात मालमत्तेच्या गुन्ह्यांचे प्रमाण निम्म्याहून खाली आले; तरीही या काळातल्या गॅलप या जनमत अजमावणाऱ्या संस्थेच्या बहुतेक पाहण्यांत बहुसंख्य लोकांनी देशात गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले आहेत, असेच सांगितले. २०२३ मध्ये देशात गुन्हे वाढले असे मानणारे ७७ टक्के होते, तर आपल्या परिसरात वाढले असे मानणारे ५५ टक्के. जे डोळ्यांसमोर असते त्याविषयी माणूस थोडा सावध बोलतो आणि जे केवळ ऐकिवात असते ते त्याला अधिक काळे दिसते. सधन उपनगरात हे जास्त जाणवते, असे मला वाटते. तिथे लोकांनी घराची किंमत मोजताना शांततेचीही किंमत मोजलेली असते. म्हणून एक फुटलेली काच त्यांना करारभंगासारखी वाटते. त्यात कुलपातली टूथपेस्ट तर रोजची आठवण. ती कपाटे मालकाने नफा-तोट्याच्या हिशेबाने बसवलेली असतात, रस्त्यावर चालणाऱ्याच्या सुरक्षिततेविषयी ती काहीही सांगत नाहीत; पण आपण त्यांच्यासमोर उभे राहून बटण दाबतो आणि मनाशी म्हणतो, काय दिवस आले.

मोबाइलवरील सूचनांविषयी मला अधिक स्पष्ट लिहायचे आहे. ‘अनोळखी माणूस दिसला’ हा गुन्हा नाही. नेक्स्टडोअर या शेजाऱ्यांच्या व्यासपीठावर सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या ऑकलंडमध्ये केवळ कातडीच्या रंगावरून लोकांना संशयित ठरवले जाते, अशा तक्रारी इतक्या झाल्या की २०१६ मध्ये कंपनीला अशा सूचना लिहिण्याचा नमुनाच बदलावा लागला. आणि हा संशय आपल्या माणसांना वगळून जात नाही. २०१५ च्या फेब्रुवारीत अलाबामातील मॅडिसन या शहरात, गुजरातहून मुलाकडे नातवाला सांभाळायला आलेले ५७ वर्षांचे एक गृहस्थ सकाळी घराजवळच फेरी मारत होते. कुणा शेजाऱ्याने संशयास्पद माणूस हिंडतो आहे म्हणून पोलिसांना फोन केला. त्यांना इंग्रजी येत नव्हते. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटले आणि त्यांच्या मणक्याला इजा होऊन अंगाला अर्धांगाचा त्रास जडला. ही घटना मी आपल्याला घाबरवण्यासाठी सांगत नाही. सासूबाई ज्या सूचना वाचून घरात बसल्या, तशाच एखाद्या सूचनेत उद्या त्यांच्यासारखेच कुणीतरी ‘अनोळखी’ असू शकते, एवढे लक्षात यावे म्हणून सांगतो. त्या सूचना आजच बंद कराव्यात. शहराच्या पोलीस खात्याने प्रसिद्ध केलेली माहिती महिन्यातून एकदा पाहिली तरी पुरे, आणि ती पाहताना गुन्हा कुठे घडला, कुणाविरुद्ध घडला आणि रस्त्यावर घडला की दुकानात, एवढे तपासावे.

आता सासूबाई. आपल्या गावातून आयर्न हॉर्स ट्रेल हा जुन्या लोहमार्गाच्या जागेवर बांधलेला पादचारी मार्ग जातो. उजेड असताना, माणसांची वर्दळ असलेल्या वेळी, पहिले चार-सहा दिवस आपण स्वतः त्यांच्याबरोबर चालावे. बोलून जाणारी भीती नव्हे ही, चालूनच जाईल. त्यांच्याजवळ फोन असावा आणि घरचा पत्ता, आपले नाव व दूरध्वनी इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी असावी. पोलिसांनी थांबवलेच, तर हात दिसतील असे ठेवून उभे राहायचे, खिशात हात घालायचा नाही आणि निघून जायचे नाही, हे त्यांना दोनदा करून दाखवावे. दुकानात चोरी होताना दिसली, तर कुणीही मध्ये पडू नये आणि चित्रफीत काढत उभे राहू नये. बाजूला व्हावे आणि नंतर त्या गल्ल्यावरच्या मुलाला ‘तू ठीक आहेस ना’ एवढे विचारावे, कारण त्या प्रसंगात खरी इजा होण्याचा धोका त्याला असतो, आपल्याला क्वचित.

प्रश्न : माझी पुतणी विद्यार्थी व्हिसावर कॅलिफोर्नियात शिकते. स्वतः बिल करण्याच्या यंत्रावर तिच्याकडून दोन वस्तू नोंदवायच्या राहिल्या. दुकानाने तिला थांबवून एका कागदावर सही घेतली आणि आता भरपाईची मागणी करणारे पत्र आले आहे. पैसे भरून प्रकरण मिटवावे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : घाईने काहीही भरू नये आणि आणखी कोठेही सही करू नये. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे दुकानाला ५० ते ५०० डॉलरपर्यंत दिवाणी भरपाई मागता येते. पण ती भरल्याने फौजदारी तक्रार आपोआप संपत नाही. चुकून राहिलेली वस्तू ही चोरी नव्हे, कारण चोरीला इरादा लागतो. मात्र तिने सही केलेल्या कागदावर कबुली लिहिलेली असेल तर तीच तिच्याविरुद्ध जाऊ शकते, म्हणून त्याची प्रत आधी मिळवावी. परकीय नागरिकांसाठी चोरी हा नैतिक अधःपाताचा गुन्हा मानला जातो आणि रक्कम क्षुल्लक असली तरी त्याचा व्हिसावर परिणाम होऊ शकतो. भारतातील अमेरिकी दूतावासाने २०२५ च्या जुलैत तशी जाहीर सूचनाही दिली होती. न्यायालयात गेल्यावर ‘कबुली द्या, थोडी समाजसेवा करा, खटला काढून टाकू’ असा प्रस्ताव येतो. इथल्या नागरिकाला तो सोयीचा असतो, परंतु स्थलांतर कायदा अशा कबुलीला दोषसिद्धी मानू शकतो. म्हणून फौजदारी वकिलाबरोबर स्थलांतर कायद्याच्या वकिलाचा सल्ला पहिल्या तारखेच्या आधी घ्यावा, आणि बिलाची पावती, बँकेच्या व्यवहाराची नोंद व त्या दिवशी तिने पैसे भरलेल्या इतर वस्तूंची यादी आत्ताच जपून ठेवावी. दुकानातील कॅमेऱ्याचे चित्रण फार दिवस ठेवले जात नाही. ते राखून ठेवण्याची लेखी विनंती वकिलामार्फत याच आठवड्यात पाठवावी.