लेकीला यादवी युद्धाच्या कथांवर काम करायचंय, पुढे काय?

ताई नमस्कार,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. लेक एमएच्या शेवटच्या वर्षाला, प्रबंधासाठी विषय घेतलाय 'यादवी युद्धावरच्या कथा आणि माणसाने मोजलेली किंमत', तिचे बाबा म्हणतात दुसऱ्यांच्या मरणावर अभ्यास करून पोट भरतं का, आणि तुम्हाला काळजी ती रात्रीची झोपत नाही ह्याची. तिघांचंही बरोबर आहे, म्हणून उत्तर थोडं लांबणार.

तिने दिलेल्या यादीतल्या दोन कथा मुद्दाम वाचल्या. एक लिआम ओफ्लॅहर्टीची 'द स्नायपर', आयर्लंडमध्ये यादवी चालू असतानाच जानेवारी १९२३ मध्ये छापून आलेली. डब्लिनच्या गच्चीवरचा बंदूकवाला समोरच्याला मारतो, मग प्रेत उलटवून बघतो तर सख्खा भाऊ. चांगली आहे, पण शेवटच्या धक्क्यासाठी लिहिलीये असं मला तरी वाटलं. (आपला यादवी हा शब्दच बघा ना, भाऊबंदांनी एकमेकांना संपवलं त्यावरूनच आलाय.)

दुसरी चिनुआ अचेबेंची 'सिव्हिल पीस', ती मात्र डोक्यातून जाईना. नायजेरियातून फुटून निघालेल्या बियाफ्रा भागाचं युद्ध, १९६७ ते १९७०, नुकतंच संपलंय आणि जोनाथन नावाचा माणूस खुशीत हिशोब करतोय की पाच डोकी वाचली, स्वतःचं, बायकोचं आणि चारपैकी तीन पोरांचं, वर बोनस म्हणून जुनी सायकल. ही सायकल एक अधिकारी जप्त करायला आला होता तेव्हा ह्याने दोन पौंड देऊन सोडवली आणि त्याच रात्री पुरून ठेवली, कुठे तर छावणीतली माणसं पुरायचे त्या जागी, जिथे त्याचा धाकटा मुलगाही आहे. वर्षाने उकरली, थोडं पामतेल लावलं की चालायला लागली. मुलाबद्दल अर्धंच वाक्य आहे ताई, सायकलीबद्दल अख्खा परिच्छेद! सायकल वर आली, पोरगा नाही आला, हे लेखक कुठेच बोलत नाही.

आता करिअर. माणूस काय सांगतोय त्याबरोबर काय गाळतोय हे ज्याला ऐकू येतं त्याला काम आहे. निर्वासितांचे जबाब नोंदवणं, मुलाखतीत दुभाषी म्हणून बसणं, तोंडी इतिहासाचे संग्रह, मानवी हक्क संस्थांचं डॉक्युमेंटेशन, युद्धात ताटातूट झालेल्यांना शोधून घरच्यांशी जोडण्याचं रेडक्रॉसचं काम, शिवाय अनुवाद आणि संपादन. पैसा हळूहळू येतो, पहिली काही वर्षं काँट्रॅक्टवरच जातात, हे बाबांपासून लपवू नका. प्राध्यापकीवर एकट्यावर भिस्त ठेवू नका, जागा कमी आणि रांग मोठी.

पण नुसत्या एमएवर ह्यातलं काही मिळत नाही, तिला अजून एक भाषा लागेल. फ्रेंच, अरबी घेतली तर बाहेर कामाला येईल, पण माझं मत विचाराल तर तमिळ. श्रीलंकेचं युद्ध १९८३ ते २००९ चाललं, त्यावर तमिळमध्ये भरपूर लिहिलं गेलंय आणि थेट तमिळवरून मराठीत आणणारे फार नाहीत. आणि विषय आटोक्यात आणायला सांगा, जगभरातली सगळी युद्धं नकोत, एकच युद्ध, पाच-सहा कथा, त्यातसुद्धा एखादी वस्तू धरून, सायकल, भांडं, फोटो, जे तिला दिसेल ते. 'मानवी वेदना' असलं नाव दिलं की गाईड खूष होतो पण हाती काही लागत नाही.

झोपेचं हलक्यात घेऊ नका. दुसऱ्यांचं दुःख रोज ऐकणाऱ्या, नोंदवणाऱ्या लोकांना हा त्रास होतो, त्याला कमकुवतपणा म्हणू नका. हे वाचन दिवसाच करायचं, रात्री नाही, आणि दोन-तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर सरळ मानसोपचारतज्ज्ञाकडे न्या, हा माझा प्रांत नाही.

राहता राहिले बाबा. लेकीलाच सांगा, ती सायकलची गोष्ट बाबांना वाचून दाखव, छोटीच आहे, तुम्ही मधे बोलू नका. नंतर तिघं मिळून ठरवा की कॉन्ट्रॅक्टची पहिली तीन वर्षं घरातून तिला किती आधार देता येईल, तो आकडा ठरला की मला कळवा, कुठला कोर्स परवडेल ते त्यावरून बघू.