अनुभवपत्रावर ‘कुक’ लिहून घेऊ नका

तुम्ही विचारलंत: मोठ्या हॉटेलात सू-शेफ, म्हणजे मुख्य शेफच्या हाताखालचा दुसरा, आहे, परदेशातून बोलावणं आलंय, पद दोन पायऱ्या खालचं, बायको आणि सात वर्षांचा मुलगा बरोबर येणार, हाताला चव आहे म्हटल्यावर वर जायला कितीसा वेळ लागणार, आणि एकटेपणा येतो का?

व्हिसाची फी, विमा, बँकेतली शिल्लक हे सगळं दूतावासाच्या संकेतस्थळावर मिळेल. मी लिहायला बसलो ते त्या ‘हाताला चव आहे’मुळे. निघताना मीही हेच सगळ्यांना सांगत होतो.

आधी कागद. माझ्या जुन्या मालकांनी मोठ्या प्रेमाने दोन ओळींचं अनुभवपत्र दिलं: आमच्याकडे कुक होते, वागणूक उत्तम. आता वागणुकीचं लोणचं घालू? आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या वर्गीकरणात, इस्को-०८ मध्ये, शेफचा क्रमांक ३४३४ आणि कुकचा ५१२०. पहिला तंत्रज्ञांच्या गटात बसतो, दुसरा सेवा आणि विक्रीच्या. बऱ्याच देशांच्या याद्या याच धर्तीच्या असतात, त्यामुळे त्या एका शब्दावर तुमचा व्हिसा कुठल्या प्रकारचा हे ठरू शकतं. पत्रात कामं लिहून घ्या: मेनू ठरवणं, कॉस्टिंग, मालाची ऑर्डर, हाताखाली माणसं किती, स्वच्छतेच्या नोंदी कोण ठेवत होतं. तिथला मॅनेजर बदलण्याआधी घ्या. पत्र खासगी म्हणून आधी नोटरी, मग जायचा देश १९६१ च्या हेग करारात असेल तर अपोस्टिल, म्हणजे सही-शिक्का खरा असल्याचा सरकारी दाखला. माझं पत्र तीनदा परत आलं. एकदा तर शिक्का पत्राच्या पाठीमागे मारलाय म्हणून! खिडकीपलीकडचा माणूस ते सांगताना सफरचंद खात होता, हे मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी लागलो तो थंड पदार्थांच्या विभागात. सॅलड रचायचं, पासवर, म्हणजे वेटर ताटं उचलतात त्या ओट्यावर, ठेवायचं. सॉस चाखायला मला कोणी बोलवायचं नाही. स्वयंपाकघरातली ही उतरंड फ्रेंच शेफ एस्कॉफिएने पक्की केली, आणि तोही १८९० मध्ये देश सोडून लंडनच्या सव्हॉय हॉटेलात गेलेला. पण तो गेला तो थेट वरच्या खुर्चीवर. आपल्याला ती सोय नाही.

एकटेपणाचंही विचारलंत. येतो. बारा तास उभं राहिल्यावर झोपही येते. पुढे चला.

माझ्या मुलीच्या शाळेचं मात्र अजून पचलेलं नाही. भाषा येत नाही म्हणून तिला एक इयत्ता खाली बसवलं. गणित तिला वर्गात सगळ्यांपेक्षा जास्त यायचं, पण ते कोणी विचारलंच नाही. पालकसभा संध्याकाळी, नेमकी सर्व्हिसच्या वेळेला. ‘होईल सवय’ असं बाईंनी माझ्या बायकोला सांगितलं, आणि मुलगी घरी येऊन गप्प बसायची. तुम्ही शाळेकडे भाषेची आणि गणिताची वेगवेगळी चाचणी मागा, आणि इयत्तेचा निर्णय लेखी घ्या.

माझी शिफ्ट तुटक होती, दुपारी मधले काही तास मोकळे. त्या वेळात तिला शाळेतून आणायला लागलो. घरी करायचं काय? मेयोनीज करायला बसवलं. तिने तेल भसकन ओतलं, सॉस फुटला, आणि ती म्हणाली, ‘का फुटला?’ इतकी वर्षं हाताखालच्या पोरांचा सॉस फुटला की मी ओरडत आलो होतो, कारण कोणी विचारलंच नव्हतं. मग सांगितलं: बलकात लेसिथिन असतं, ते तेलाच्या बारीक थेंबांना वेढून वेगळं ठेवतं, तेल एकदम आलं की ते पुरं पडत नाही आणि थेंब एकमेकांत मिसळतात. दुसऱ्या भांड्यात नवा बलक घेतला, फुटलेला सॉस त्यात थेंबथेंब सोडला. जमला. त्या दिवशी ती बरंच बोलली.

कामावर दोन शिकाऊ पोरं होती, सगळ्यांच्या शिव्या खाणारी. त्यांनाही मी ‘का’ सांगायला लागलो. कांदा मंद आचेवरच का, स्टॉक, म्हणजे हाडं-भाज्यांचा अर्क, उकळू का द्यायचा नाही, शिजलेलं गरम पातेलं तसंच फ्रिजमध्ये का ठेवायचं नाही. त्यातला एक आज सॉसच्या विभागात आहे आणि चाखायला चमचा माझ्याकडे आणतो. माझं पद सांगण्यासारखं वाढलेलं नाही. तरी सकाळी कामाला निघताना पाय जड होत नाहीत, आणि पूर्वी, नाव होतं तेव्हा, व्हायचे.

मध्यंतरी दुसरीकडे हेड शेफची जागा निघाली. संध्याकाळी सगळ्या त्यांच्या, दुपारची सुट्टी नाही, शिकाऊ कोणी नाही. मी अर्ज केला नाही. का, ते बायको अजून विचारते आणि मला नीट सांगता येत नाही. पगाराचा आकडा पाहून तुम्ही कदाचित वेगळं ठरवाल, त्यात गैर काही नाही. तुमचं करारपत्र आलं की पगाराआधी कामाच्या वेळांचं पान वाचा, आणि हाताखाली शिकायला कोण असेल ते मुलाखतीतच विचारा.