पोटरीचं मांस वळवलं तर पाय अधू होईल का?

नडगी उघडी पडलेल्या पेशंटचं प्रत्येक घर मला हा प्रश्न विचारतं. बीड जिल्ह्यातल्या एका ऊसतोड जोडप्याची गोष्ट सांगते. नवऱ्याच्या पायावरून उसाची ट्रॉली गेली. गुडघ्याच्या जरा खाली हाड मोडलं, कातडी निघून गेली. दोनदा जखम साफ केल्यावर डॉक्टरांनी फ्लॅप करायचं, म्हणजे पोटरीचं मांस वळवून जखम झाकायचं ठरवलं. सही बाजूला ठेवून बाई माझ्याकडे आल्या.

"ताई, वरून कातडी लावा की. चांगली पोटरी कशाला कापायलेत?"

मी त्यांना स्वतःचीच नडगी चाचपायला लावली. आतल्या अंगाला कातडीखाली लगेच हाड लागतं, मधे मांस नाहीच. नुसती लावलेली कातडी खालच्या रक्तावर जगते. वरचं आवरण गेलेल्या हाडावर ती धरत नाही. म्हणून पोटरीतल्या वरच्या स्नायूचा आतला भाग खालून सोडवतात, गुडघ्यामागून येणारी त्याची रक्तवाहिनी तशीच राखतात आणि तो पुढे वळवून हाडावर पांघरतात. त्यावर मांडीची पातळ कातडी.

बाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "म्हंजे भोपळ्याचा वेल. मूळ जाग्यावरच, शेंडा दुसऱ्या मांडवावर." इतकं नेमकं मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. आता मी सगळ्यांना तसंच सांगते.

त्या स्नायूचा बाहेरचा भाग आणि त्याखालचा रुंद स्नायू शिल्लक असतो, म्हणून चालता येतं. चवड्यावर जोर देताना ताकद थोडी कमी वाटू शकते. तेही मी लपवलं नाही. जखम घोट्याजवळ असती तर हा स्नायू तिथवर पोचला नसता, वेगळा फ्लॅप लागला असता.

खरी झटापट तंबाखूशी झाली. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हे मी दादांना तीनदा सांगितलं. शेवटी बाईंनीच उशीखालची पुडी काढून माझ्या टेबलावर आणून ठेवली. "वेलाला पाणी तोडू नका," एवढंच त्या नवऱ्याला म्हणाल्या.

फ्लॅप जगला. सुरुवातीला तो उशीसारखा फुगीर दिसला, तेव्हा त्या घाबरल्या. काही महिन्यांत बसतो, हे पुन्हा सांगावं लागलं. पण त्यांचा जीव अडकला होता मुकादमाकडून आगाऊ घेतलेल्या उचलीत. हाड जुळायला महिने लागतात, कोयता कधी धरायचा ते एक्स-रे बघून डॉक्टर ठरवतील. मी तारीख दिली नाही. मुकादमाला फोन लावून दिला आणि शेजारी बसून राहिले. बोलल्या त्याच.